बारा गुणांची लोकशाही



ठाण्यात किंवा कल्याणात एखादे वातानुकूलित सभागृह तुम्हाला सहज मिळाले असते. तरीही तुम्ही इतिहास आणि राज्यशास्त्राच्या शिक्षकांचे हे संमेलन भिवंडीतल्या नारपोलीत भरवलेत, याबद्दल संयोजकांचे मनापासून आभार. बाहेर मागांचा खडखडाट चालू आहे, त्यामुळे मला थोडे चढ्या आवाजात बोलावे लागेल. भिवंडीत एकात्मतेवर बोलायला उभा राहिलेला प्रत्येक वक्ता ताण्याबाण्याची उपमा देतो. मी ती देणार नाही. मागावर चढवताना धाग्याला कुणी विचारत नाही. नागरिकाला विचारावे लागते. आजचा आपला विषय नेमका तोच आहे: विचारले जाण्याचा आणि विचारण्याचा हक्क असलेला माणूस आपण शाळेत घडवतो का?

दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या प्रश्नपत्रिकेत राज्यशास्त्राच्या वाट्याला बारा गुण येतात. आपण सगळे जाणतो की हे बारा गुण 'काढून देण्याचे' गुण आहेत. जानेवारीत पोर्शन संपवायचा, संकल्पनाचित्रे पाठ करून घ्यायची, 'चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा'ची ठरावीक उत्तरे लिहून द्यायची. मुलगा बारापैकी अकरा मिळवतो आणि आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण, हे त्याला ठाऊक नसते. यात मुलाचा दोष नाही. आपण त्याला तो प्रश्न कधी विचारलाच नाही.

राष्ट्रीय ऐक्याचे शिक्षण मुलांना अधिक द्यावे, अशी मागणी सगळीकडून होते. मागणी रास्त आहे. पण ते कसे द्यायचे, याचा धडा आपल्याला इंडोनेशियाकडून घेता येईल. सतरा हजारांहून अधिक बेटे, शेकडो भाषा. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तिथल्या तरुणांनी एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि एक भाषा अशी शपथ घेतली. भाषा निवडताना त्यांनी सर्वांत मोठ्या समाजाची जावानीज घेतली नाही; बेटाबेटांवरच्या बाजारांत आणि बंदरांत चालणारी मलय घेतली. बहुसंख्यांनी दाखवलेला हा समजूतदारपणा आपल्याकडच्या भाषिक वादांत आठवावा असा आहे. १ जून १९४५ रोजी सुकार्नोंनी पंचशीलाची, म्हणजे 'पंचसिला'ची पाच तत्त्वे मांडली आणि त्यांवर ते राष्ट्र उभे राहिले.

पुढचा भाग मात्र सावध करणारा आहे. सुहार्तोंच्या राजवटीत १९७८पासून ही पाच तत्त्वे सरकारी वर्गांमधून शिकवली जाऊ लागली. नोकरदार आणि विद्यार्थी, सगळ्यांना ते वर्ग सक्तीचे. नेमलेली उत्तरे, ठरलेली घोषवाक्ये, प्रश्न विचारायला वाव नाही. वीस वर्षे हे चालले. मे १९९८मध्ये सुहार्तोंना पायउतार व्हावे लागले, ते याच वर्गांतून गेलेल्या पिढीच्या आंदोलनामुळे. आणि त्याच मे महिन्यात जकार्तामध्ये चिनी वंशाच्या नागरिकांची दुकाने जाळली गेली, माणसे मारली गेली. पाठ केलेल्या तत्त्वांनी सत्ताधाऱ्याचे आसन टिकले नाही आणि शेजाऱ्याचे दुकानही वाचले नाही. नंतर लोकशाही आली तेव्हा ते सक्तीचे वर्ग बंद झाले आणि नागरी शिक्षणाची नव्याने मांडणी करावी लागली. घोकून घेतलेले ऐक्य कसोटीच्या दिवशी किती कामी येते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे सापडणे कठीण.

आपली कसोटी तर आपल्या दारातच झाली आहे. मे १९७०मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्या दंगलीची चौकशी केली; तो अहवाल आजही नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातो. १९८४च्या मेमध्ये पुन्हा तेच झाले. प्रतिज्ञा त्या काळातही शाळाशाळांतून रोज म्हटली जात होती.

मग १९८८मध्ये सुरेश खोपडे पोलिस उपायुक्त म्हणून इथे आले आणि मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. गल्लोगल्ली हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतली माणसे एकत्र बसू लागली, पोलिसांसह, आणि तीही दंगल नसताना. हे 'दंगल नसताना' महत्त्वाचे आहे. पेटल्यावर शांतता समिती बोलावणे हा आपला जुना रिवाज. त्या समितीत येणारी माणसे एकमेकांना पहिल्यांदाच भेटत असतात. इथे उलट झाले. माणसे आधीच एकमेकांना नावाने हाक मारत होती. अफवा आली की कुणाला विचारून खात्री करायची, हे ठरलेले होते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२च्या आपल्या ग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. जगभरच्या विद्यापीठांत त्यावर चर्चा होते. आपल्या दहावीच्या वर्गात होते का? नारपोलीच्या मुलाला नारपोलीच्या आजूबाजूला घडलेली ही गोष्ट कुणी सांगितली का? मी विचारून पाहिले आहे. बहुतेक मुलांना दंगल माहीत असते, कमिटी माहीत नसते.

याचे एक कारण आपल्या शाळांच्या रचनेत आहे. या परिसरात मराठी, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी माध्यमाची मुले राहतात. पद्मानगरात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरे आहेत. बालभारती तेच राज्यशास्त्राचे पुस्तक वेगवेगळ्या भाषांतून काढते. धडा तोच, चित्र तेच, स्वाध्यायही तोच. पण 'विविधतेत एकता'वरचे उत्तर लिहिणारी मराठी शाळेतली मुलगी आणि तेच उत्तर उर्दूत लिहिणारी मुलगी, एका नाक्यावर राहूनही, दहा वर्षांत एका बाकावर एकदाही बसत नाहीत. आपण त्यांना एकतेची व्याख्या देतो. भेट घडवत नाही.

आता लोकशाहीकडे येतो. नारपोली भिवंडी-निजामपूर महापालिकेत येते. शेजारच्या राहनाळ, पूर्णा, काल्हेर या ग्रामपंचायती. गोदामांच्या त्या पट्ट्याचे नियोजन एमएमआरडीए या प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे, अंजूरफाट्यावरून जाणाऱ्या मेट्रो ५चे कामही त्यांच्याचकडे. शहराचे पाणी थोडे वऱ्हाळा तलावाचे, थोडे स्टेम कंपनीचे, थोडे मुंबई महापालिकेचे. वीज महावितरणची, वाटप २००७पासून टोरंट कंपनीकडे, दर ठरवणार राज्य वीज नियामक आयोग. इतकी गुंतागुंत असलेल्या गावात राज्यशास्त्र शिकवायला मिळणे हे खरे तर शिक्षकाचे भाग्य! अंजूरफाट्याचा खड्डा कुणाचा, हा एकच प्रश्न फळ्यावर लिहा. स्थानिक स्वराज्य, राज्य, प्राधिकरण, कंत्राट, निविदा, सगळा अभ्यासक्रम त्या खड्ड्यातून वर येईल.

मी शिकवत असताना नववीच्या मुलांना शाळेमागच्या उघड्या गटाराबद्दल अर्ज लिहायला सांगितला. पहिला मसुदा आला त्यात स्वच्छतेचे महत्त्व दोन परिच्छेद होते, संत गाडगेबाबा होते. गटार कुठे आहे, ते नव्हते. निबंधाची सवय, दुसरे काय! मग मुले जागेवर गेली. गल्लीचे नाव, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक, तुटलेल्या झाकणाची लांबी-रुंदी, शेजारी अंगणवाडी असल्याची नोंद असे सगळे लिहून आणले. अर्ज दहा ओळींचा झाला. खाली सह्या कुणी करायच्या, यावर अर्धा तास भांडण झाले आणि मतदान घेऊन ते मिटले. अर्जाच्या दोन प्रती काढल्या. पालिका कार्यालयाच्या आवक खिडकीतल्या बाईंनी एक ठेवून घेतली, दुसरीवर शिक्का मारला, आवक क्रमांक आणि तारीख टाकली. ती पोच हातोहात फिरली. एकाने विचारले, "सर, आता त्यांना उत्तर द्यावंच लागणार ना?" मी म्हटले, "आणि नाही दिलं तर?" पुढचे तीन धडे त्या प्रश्नातून शिकवून झाले: माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, पहिले अपील. झाकण लगेच बसले नाही, स्मरणपत्रे लागली. तेही शिक्षणच होते. लोकशाहीत पाठपुरावा नावाची गोष्ट असते आणि ती कंटाळवाणी असते, हे मुलांना सोळाव्या वर्षी कळलेले बरे.

हा खेळ नव्हे. सप्टेंबर २०२०मध्ये इथल्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि जवळपास चाळीस माणसे गेली. दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. आपली चाळ त्या यादीत आहे का, हे पाहता येणे, नसेल तर तपासणीची मागणी करता येणे, नोटीस आली तर तिचा अर्थ घरच्यांना वाचून दाखवता येणे, या कौशल्यावर इथे जीव अवलंबून असतो. पाठ्यपुस्तकात त्याला 'सहभाग' म्हणतात.

आपल्या हाती एक भांडवल आहे, ते आपण वर्गात आणत नाही. निवडणुकीचे काम आपणच करतो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून चाळींचे जिने आपणच चढतो. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेऊन केंद्रावर मुक्काम करतो, सकाळी प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे अभिरूप मतदान घेतो, निकाल दाखवून तो पुसतो, मग यंत्र मोहरबंद करतो. डाव्या तर्जनीला शाई लावतो. संध्याकाळी नमुना सतरा-सीमधला मतांचा हिशेब जुळेपर्यंत उठत नाही. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन 'निवडणूक आयोगाची कार्ये लिहा' असे सांगतो! या ड्युटीबद्दल आपण कुरकुर करतो. करावी इतके ते काम जिकिरीचे आहेच. पण यंत्रावर मुलांना शंका असते, बाहेर अफवा असतात, आणि मोहर कशी लागते हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस त्यांच्यासमोर खडू घेऊन उभा असतो. त्याने ते सांगावे. त्रुटी दिसल्या असतील तर त्याही सांगाव्यात.

राजकारण वर्गात आणू नका, असे आपल्याला बजावले जाते. पक्ष आणू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. पण मतभेद आणलाच पाहिजे. समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत मांडून मग खोडता येणे, हे मूल वर्गात शिकले नाही तर ते व्हॉट्सअॅपवर शिकणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकीय समता मिळाली तरी सामाजिक विषमता तशीच राहिली तर लोकशाहीचा डोलारा धोक्यात येईल. स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला त्यांनी बंधुता ठेवली, तिच्याशिवाय बाकीची दोन टिकत नाहीत म्हणून. बंधुतेवर प्रश्न येत नाही. त्यामुळे आपण ती वगळतो.

समोर बसलेल्या मुलांनो, तुमच्याशीही दोन शब्द. ६१व्या घटनादुरुस्तीने १९८९मध्ये मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले. आता सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो आणि वर्षातून चार अर्हता दिनांक असतात. नमुना सहा भरा. पण मतापुरते थांबू नका. या महापालिकेची मुदत २०२२मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. त्या वर्षी अठराची झालेली मुलगी एकविशी गाठेपर्यंत आपला नगरसेवक निवडू शकली नाही. यावर तिच्या महाविद्यालयात एक तरी चर्चा झाली का? तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांचे मत उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये किंवा तेलंगणात आहे. त्यामुळे त्यांनी इथल्या नळाबद्दल बोलणे सोडून दिले. तुम्ही इथे जन्मलात, इथे वाढलात. तुमचे नाव इथल्या यादीत असू द्या.

शिक्षक मित्रांनो, अध्यक्षाने ठराव मांडायचे नसतात, पण मागणे मागता येते. येत्या वर्षात प्रत्येक शाळेने वेगळ्या माध्यमाची एक शेजारशाळा निवडावी आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून परिसरातला एकच प्रश्न हाती घ्यावा. अर्जावर दोन्ही शाळांच्या सह्या असाव्यात. शाळा व्यवस्थापन समितीत विद्यार्थी प्रतिनिधींची तरतूद आहे. ती नावे कागदावर न ठेवता त्यांना बैठकीला बोलवावे आणि बोलू द्यावे. मोहल्ला कमिटीत बसलेली माणसे अजून आपल्यात आहेत; त्यांना वर्गात आणून मुलांना प्रश्न विचारू द्यावेत, ती आहेत तोवर. यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याची गरज नाही, निधीचीही नाही. गुण बाराच राहू द्या. पुढच्या संमेलनाला मात्र प्रत्येकाने आपल्या मुलांच्या अर्जाची एक पोच सोबत आणावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.