हट्टी फाईल आणि गोधडीचा कोपरा



आज आम्ही एका फाईलची गोष्ट सांगणार आहोत. कागदाची नव्हे, कॉम्प्युटरमधली. आमच्या गटाच्या कॉम्प्युटरमधून ती काही केल्या जाईना.

झालं असं. आमच्या बारा जणींच्या गटाने बँकेत कर्जाचं प्रकरण केलं. त्यासाठी सगळ्यांची आधार कार्डं, पासबुकाचं पहिलं पान आणि फोटो स्कॅन करून एकाच पीडीएफ फाईलमध्ये ठेवले. कर्ज मंजूर झालं, पैसे खात्यावर आले. मग बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आता आपले कागद तिथं कशाला? त्या खोलीत दहा जण येतात, कुणीही पेन ड्राईव्ह लावतं. उद्या माझ्या आधारावर भलत्यानेच काही केलं तर?" बोलणं खरं होतं. आम्ही ठराव केला, फाईल काढून टाकायची.

फाईल निवडली, डिलीट दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. ती न वाचताच आम्ही बंद केली आणि पुन्हा डिलीट दाबलं. पुन्हा तीच चौकट. असं पाच-सात वेळा झालं. तिथं आलेला एक मुलगा म्हणाला, "काकू, फॉरमॅट मारतो, सगळं साफ!" दुसरा म्हणाला, "नेटवर फुकट सॉफ्टवेअर मिळतं, ते टाकू." आम्ही हो म्हणणारच होतो. तेवढ्यात आमच्या सचिवताईंना आठवलं, याच कॉम्प्युटरवर गटाचा चार वर्षांचा हिशेब आहे. कुणी किती बचत भरली, कुणाचे किती हप्ते फिटले, सगळं. एका फाईलपायी तेही गेलं असतं. आणि अनोळखी ठिकाणचं फुकटचं सॉफ्टवेअर घेताना त्यासोबत व्हायरस घरात येऊ शकतो. जे कागद लपवायचे, तेच चोराच्या हाती द्यायचे!

मग आम्ही शांत बसलो. मोबाईलवर त्या चौकटीचा फोटो काढला आणि एका ताईंच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला पाठवला. तिने मराठीत सांगितलं, "ही फाईल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे. ती बंद करा आणि पुन्हा प्रयत्न करा." त्या प्रोग्रामचं नावही चौकटीत लिहिलेलं होतं. उत्तर पहिल्यापासून डोळ्यांसमोर होतं, आम्हीच वाचलं नव्हतं.

बघा, आपण गोधडी ओढतोय आणि तिच्या कोपऱ्यावर आजी बसल्या असतील, तर गोधडी निघेल का? जोर लावला तर फाटेल. आधी आजींना उठायची विनंती करायची. फाईलचंही तसंच असतं. ती हट्टी नसते, कुणीतरी तिला धरून ठेवलेलं असतं. ते कोण, एवढंच शोधायचं.

शोधायचं कसं, ते क्रमाने सांगतो. विंडोजचा कॉम्प्युटर असेल तर आधी खालच्या पट्टीवर पाहा, कुठला प्रोग्राम उघडा आहे का. असेल तर काम सेव्ह करून तो बंद करा. फोल्डरच्या उजव्या बाजूला फाईलचं चित्र दिसत असेल, तर त्या चित्रासाठीही फाईल उघडी राहू शकते. आल्ट आणि पी ही बटणं एकत्र दाबली की तो भाग बंद होतो.

तरीही जाईना, तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. शट डाऊन नव्हे, रीस्टार्टच. विंडोज १० आणि ११ मध्ये शट डाऊन करताना आतली थोडी मांडणी पुढच्या वेळेसाठी जपून ठेवलेली असू शकते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. सुरू झाल्यावर दुसरं काही न उघडता आधी फाईल डिलीट करा. आमचा प्रोग्राम वरून बंद दिसत होता, आत मात्र चालूच होता. रीस्टार्ट केलं आणि फाईल एका फटक्यात गेली.

रीस्टार्ट करणं शक्य नसेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात चालू प्रोग्रामची यादी दिसते. चौकटीत ज्याचं नाव होतं तोच निवडून एंड टास्क करा. ओळखीचं नसलेलं नाव बंद करू नका.

चौकटीत परवानगी लागेल असं लिहिलं असेल, तर गोष्ट वेगळी. ती फाईल दुसऱ्याच्या खात्यातली असते किंवा कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामाची असते. आपलीच असेल तर ज्यांच्याकडे मुख्य पासवर्ड आहे त्यांना बोलवा. विंडोज नावाच्या फोल्डरमधली असेल तर हात लावू नका.

आणखी एक. डिलीट केलेली फाईल आधी रिसायकल बिनमध्ये जाते. म्हणजे केर काढला, पण सुपलीतच ठेवला. तिथूनही ती काढावी लागते. तेवढ्यानेही पुसली जातेच असं नाही. काही दिवस जाणकार माणूस ती परत मिळवू शकतो. म्हणून जुना कॉम्प्युटर विकताना किंवा दुरुस्तीला देताना सावध राहा. त्याच कागदांची प्रत पेन ड्राईव्हवर आणि व्हॉट्सअॅपवरही राहिलेली असते. आमची फाईल तर तीन ठिकाणी निघाली!

आता आमच्या गटाने नियमच केला आहे. कुणाचे कागद स्कॅन केले की ते कुठे ठेवले आणि कधी काढायचे, हे वहीत लिहायचं. काढताना दोघींनी मिळून बसायचं. एकीने बटण दाबायचं, दुसरीने चौकट वाचायची. आणि हिशेबाची एक प्रत वेगळ्या पेन ड्राईव्हवर, सचिवताईंच्या कपाटात.

तुमच्या गटाच्या कॉम्प्युटरवर कुणाकुणाचे कागद पडून आहेत, या बैठकीत एकदा बघाच.