कादंबरी आणि कोवळे वय



वादग्रस्त कादंबऱ्या कोवळ्या वयाच्या वाचकांस बंद कराव्यात काय, हा प्रश्न मराठी मुलखातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आला आहे. १९६२ साली 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा प्रसिद्ध झाली. ती अश्लील असल्याची फिर्याद झाली. खालच्या न्यायालयाने लेखकास निर्दोष ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला. दंड लहान, परंतु डाग मोठा. अखेर १९६९ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंक निघाला त्या वेळी सोळा वर्षांचा असलेला वाचक तोवर तेविशीला टेकला असेल!

निकालातील विवेचनाचा आशय मननीय आहे. स्त्रीपुरुषांच्या आकर्षणाचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक कुमारांस वर्ज्य मानले, तर त्यांना एकही कादंबरी वाचता येणार नाही. केवळ धार्मिक ग्रंथ उरतील. मी तर म्हणेन, तेही उरणार नाहीत. ययाती, अहल्या, मेनका यांना पुराणांतून कोण वगळणार?

यावर कोणी विचारील, मग मुलांचे रक्षण कोणी करावयाचे? त्याची तरतूद कायद्यात आहे. जुन्या दंडसंहितेत वीस वर्षांखालील व्यक्तीस अश्लील वस्तू विकणे हा वेगळा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती मर्यादा अठरा वर्षांची आहे. मात्र अश्लील निराळे आणि वादग्रस्त निराळे. जे पुस्तक वडीलधाऱ्यांस अवघड प्रश्न विचारते, तेही वादग्रस्तच म्हटले जाते.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण भागात अठरा-एकोणीस वर्षांची मुले कारखान्यात पाळीवर उभी राहतात. नवशिक्या मुलास यंत्रावर एकटे सोडीत नाहीत. जुना कारागीर शेजारी असतो. पण अपघाताच्या भयाने कोणी यंत्रासच कायमचे कुलूप घालीत नाही. वाचनाचा न्याय याहून वेगळा का असावा? पुढे ज्या मोहांशी आणि अन्यायांशी गाठ पडावयाची, त्यांची ओळख आधी पुस्तकात, जाणत्याच्या सोबतीने झालेली बरी. चोरून वाचणाऱ्यास ही सोबत मिळत नाही, आणि बंदी मुलास चोरूनच वाचावयास लावते.

म्हणून पालकांस व शिक्षकांस माझी विनंती एवढीच : कोणी खूण करून दिलेल्या एका पानावरून निवाडा करू नका. पुस्तक समग्र वाचा, मग समोरच्या मुलाकडे पाहा. एकास ते आज देता येईल, दुसऱ्यास 'दोन वर्षांनी वाच' असे सांगावे लागेल. तसे सांगितले, तर दोन वर्षांनी ते पुस्तक त्याला आठवणीने आणून द्या.