फोन नवा, पण लाइन सोडलेली नाही

दसऱ्याला नवी वस्तू घरात आणायची आपल्याकडे रीत आहे. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. त्या दिवशी माझ्या भाच्याने हप्त्यावर एक ५जी मोबाइल घेतला. भाचा कळमेश्वरचा, नोकरीसाठी रोज नागपूरला जाणे-येणे करतो. दुसऱ्याच दिवशी एअरटेलने देशातील आठ शहरांत ५जी सेवा सुरू केल्याचे जाहीर केले. यादीत मुंबईबरोबर नागपूरचेही नाव होते. पुण्याचे नव्हते, याचा आम्हा वैदर्भीयांना जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल करतो.

पण भाच्याचा आनंद आठवडाभरही टिकला नाही. सीताबर्डीवर सोबतच्या सहकाऱ्याच्या फोनवर ५जी ही अक्षरे दिसत होती. याच्या कोऱ्या करकरीत फोनवर मात्र ४जी. संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मामा, काहून दाखवत नाही हा? फसलो ना जी मी!" दुकानदाराने "अपडेट येईल" असे सांगून वाटेला लावले होते. गंमत म्हणजे दुकानदाराचे म्हणणे खरे होते. त्यामागचे कारण मात्र त्याला सांगता आले नाही.

शेतातल्या वीजजोडणीचे उदाहरण घ्या. खांब उभे राहतात, तार ओढली जाते, मीटर बसते. पण लाइन सोडल्याशिवाय मोटर फिरत नाही. नव्या फोनचे तसेच झाले होते. ५जी पकडणारी चिप आत होती. त्या चिपने कोणत्या कंपनीच्या कोणत्या लहरींशी कसे बोलायचे, हे सांगणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. आपण पाहतो ते अँड्रॉइड त्याच्या वरचा मजला. हे फर्मवेअर भारतातल्या ५जीसाठी अजून मोकळे केलेले नव्हते.

का नव्हते? भारतात ५जी असे लिहिलेले फोन २०२० च्या फेब्रुवारीपासून विकले जात होते. लहरींचा लिलाव मात्र संपला १ ऑगस्ट २०२२ ला. ज्या सेवेचा अजून पत्ताच नव्हता, तिच्यावर फोनची पूर्ण चाचणी होणार तरी कशी? त्यात जिओ आणि एअरटेल यांच्या पद्धती वेगळ्या. एअरटेलचे ५जी जुन्या ४जीच्या आधाराने चालणारे, जिओचे स्वतंत्र. एका सेवेवर चालणारा फोन दुसरीवर चालेलच, असे नव्हते. अखेर ऑक्टोबरमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनी फोन उत्पादकांची बैठक घेऊन घाई करण्यास सांगितले. महागडे आयफोनही यातून सुटले नाहीत. त्यांच्यासाठी १६.२ ही आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली, तेव्हा कुठे त्यांवर ५जी सुरू झाले. लोकांनी पैसे आधी मोजले आणि सोय नंतर मिळाली. खोक्यावर हे स्पष्ट छापायला काय हरकत होती, असे मला आजही वाटते.

भाच्याचा दुसरा प्रश्न असा, की तेच मॉडेल असलेल्या मित्राला अपडेट आले, मग मला का नाही? कंपन्या नवी आवृत्ती एकदम सर्वांना देत नाहीत. आधी थोड्या फोनांवर पाठवतात आणि तक्रार आली तर तिथेच थांबवतात. कधी कधी उशिरा मिळणारा सुखी असतो! पण धीर सुटलेली मंडळी दुसऱ्या देशासाठीची फाइल कुठून तरी उतरवून फोनवर चढवतात. एकाच मॉडेलचे फर्मवेअर देशागणिक वेगळे असू शकते. चुकीचे चढले तर नेटवर्क जाते, कधी फोन सुरूच होत नाही, आणि वॉरंटीवाले हात वर करतात.

याहून मोठा धोका वेगळाच होता. "तुमचे सिम ५जी करून देतो" असे सांगणारे फोन आणि लिंक त्याच दिवसांत फिरू लागल्या. त्यातून खाती रिकामी होतात, असे इशारे अनेक शहरांच्या पोलिसांना द्यावे लागले. खरे अपडेट फोनच्या सेटिंगमध्येच मिळते. ते ओटीपी मागत नाही, पैसेही मागत नाही. कोणी असे फसलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे.

भाच्याचे अपडेट डिसेंबरात आले. बॅटरी निम्म्याहून अधिक भरून, फोटो दुसरीकडे ठेवून, रात्री वायफायवर ते उतरवले. दुसऱ्या दिवशी बर्डीवरून त्याने मला मुद्दाम फोन केला. संध्याकाळी कळमेश्वरला परतला तेव्हा मात्र पुन्हा ४जी, कारण सेवा अजून नागपुरापुरतीच होती, तीही काही भागांत.

तो फोन आता त्याच्या आईकडे, म्हणजे माझ्या बहिणीकडे आहे. परवा सेटिंग उघडून पाहिले. सुरक्षा दुरुस्तीची तारीख २०२५ पाशी थांबलेली आहे. त्या कंपनीने या मॉडेलला तीनच वर्षांचा शब्द दिला होता. २०२३ पासून पुढे गूगल आणि सॅमसंगने आपल्या काही महाग फोनांना सात वर्षांचा शब्द दिला, पण हप्त्यावर घेतलेल्या स्वस्त फोनाच्या नशिबी ते कुठले! फोन छान चालतो, आवाज स्वच्छ येतो. बँकेचे अ‍ॅप तेवढे मी त्यावरून काढून टाकले. बहीण अजून रुसलेली आहे.