आश्रयगृहाची गंगाजळी
(महाजन मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या मेळाव्यात मी स्त्रीजीवनाविषयी चार भावपूर्ण शब्द सांगावेत, अशी कार्यवाहांची अपेक्षा दिसली. मी त्यांना नम्रपणे कळविले की, माझी सारी नोकरी बँकेत गेली आणि निवृत्तीनंतर एका महिला आश्रयगृहाचे खजिनदारपद माझ्याकडे आले. तेव्हा मी बोलेन ते पैशाविषयी. घरात मार खाऊन, अत्याचार सोसून अखेर बाहेर पडलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांना आसरा देणाऱ्या संस्थेने शिलकीत किती पैसा ठेवावा, तो कसा जमवावा आणि केव्हा मोडावा, हा आजचा माझा विषय. विषय रूक्ष आहे खरा. परंतु वही वाचता येणारे श्रोते आपल्याइतके मला अन्यत्र मिळणार नाहीत.

पोर्तुगीज राजवटीत 1933 साली देवस्थानांची जी नियमावली झाली, जिला आपले वडीलधारे 'रेगुलामेंत' म्हणत आले, तिच्या चौकटीत आपण आजही खजिनदार निवडतो, अंदाजपत्रक मांडतो आणि हिशेब सादर करतो. त्या अंदाजपत्रकात नंदादीपाचे तेल आधी धरलेले असते. यंदा पावणीचे उत्पन्न कमी झाले, सबब गर्भकुडीतील दिवा दोन महिने विझवून ठेवावा, असा ठराव कोणत्याही समितीने केल्याचे मी ऐकलेले नाही. आश्रयगृहाच्या दिव्याबाबत मात्र असा ठराव होतो. तो कोणी लिहीत नाही, इतकेच.

प्रथम एक भेद स्पष्ट करते, कारण त्यावाचून पुढचे सारे बोलणे फसते. कायम निधी वेगळा आणि गंगाजळी वेगळी. कायम निधी म्हणजे माडांचे भाट. नारळ घ्यावेत, माड तोडू नयेत. गंगाजळी म्हणजे पुरुमेंत. मे महिन्यात आपण तांदूळ, मीठ, सुकी मिरची, आमसुले, सारे भरून ठेवतो ते पावसाळ्यात खाण्यासाठीच. भर आषाढात पुरुमेंताला हात लावायचा नाही असे म्हणणारी गृहिणी काटकसरी नव्हे, तऱ्हेवाईक म्हणावी लागेल. पुष्कळ संस्थांचे नेमके हेच झालेले असते. दात्यांनी मोठ्या हौसेने कायम निधी दिलेला, त्याला हात लावण्याची मुभा नाही, त्याचे व्याज तुटपुंजे. आणि अधीक्षिकेचा पगार तीन महिने थकलेला. ताळेबंदावर संस्था श्रीमंत, स्वयंपाकघरात दरिद्री.

व्याजाचे म्हणाल तर आपल्या अभिषेकाच्या ठेवीच आठवाव्यात. 1990 च्या दशकाच्या आरंभी कोणी 1001 रुपये ठेवले तर बारा टक्क्यांनी वर्षाला 120 रुपये मिळत आणि त्यात यथासांग अभिषेक होई. व्याज साडेसहा टक्क्यांवर आले की त्याच ठेवीचे 65 रुपये येतात. 'यावच्चंद्रदिवाकरौ' या शब्दाला बँकेचा व्याजदर बांधलेला नसतो, हे पुष्कळ देवस्थान समित्यांनी आपल्या अनुभवाने जाणले आहे. म्हणून आश्रयगृहाने केवळ व्याजावर विसंबू नये. मोडता येईल असे मुद्दल हाताशी असावे.

आता, इतर संस्थांपेक्षा आश्रयगृहाला याची निकड अधिक का, ते सांगते. वाचनालयाला पैसा कमी पडला तर ते दोन तास आधी बंद करता येते. आश्रयगृहाला तशी सवड नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधाचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अंमलात आला. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे पीडित स्त्रीने किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास आश्रयगृहाच्या प्रमुखाने तिला आसरा दिलाच पाहिजे. कर्तव्य कायद्याने लावले. ते पार पाडण्यास लागणारा पैसा वेळेवर येईल अशी तरतूद मात्र त्या कलमात नाही. अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असेही तो कायदा म्हणतो. प्रत्यक्षात साठ दिवसांचे किती महिने होतात हे येथे बसलेल्या वकील मंडळींना ठाऊक आहे. 2015 पासून शासनाने 'सखी' केंद्रे उघडली, ही फार चांगली गोष्ट झाली. पण तेथील तात्पुरता मुक्काम पाच दिवसांचा. सहाव्या दिवशी ती स्त्री, कडेवरचे मूल आणि कापडी पिशवी घेऊन, आमच्यासारख्यांच्या दारी येते.

दुसरी अडचण अशी की, आम्हाला आमचे काम दाखविता येत नाही. शाळा विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापते, गोशाळा गाईंची छापते. आम्ही कोणाचे छायाचित्र छापणार? बलात्कारपीडित स्त्रीची ओळख प्रकट करणे हा पूर्वी दंडसंहितेने आणि आता भारतीय न्याय संहितेच्या 72 व्या कलमाने गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत 2012 चा पॉक्सो कायदा आहेच. कायदा नसता तरी आम्ही ते केले नसते. 1863 साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, त्याचा सारा आधार गुप्ततेचा होता. नाव फुटले तर येणारी येणार नाही. म्हणजे जे काम सर्वांत कमी दाखविता येते, त्यालाच मागण्यासाठी सर्वांत कमी तोंड उरते.

शिलकीवाचून काय होते, ते आमच्या दप्तरातून सांगते. मी येण्यापूर्वीच्या काळची ही गोष्ट आहे. मंजूर झालेले अनुदान एका कार्यालयात सात महिने अडकून पडले होते. त्या महिन्यांची किर्द मी सवडीने वाचली. पहिल्या महिन्यात वर्तमानपत्र बंद. दुसऱ्यात दूध अर्धे. तिसऱ्यात रात्रपाळीच्या बाईंना रजा, आणि फाटकाला साखळी. चौथ्यापासून औषधांची नोंद नाही. कोणी आजारी पडले नाही असा याचा अर्थ नव्हे. पाचव्या महिन्यात समितीने ठरविले की, नव्या बाया घेऊ नयेत आणि ज्यांना शक्य आहे त्यांची सोय दूरच्या दुसऱ्या संस्थेत लावावी. मग मी शेजारची निवासिनींची नोंदवही उघडली. त्याच महिन्यात एका नावापुढे, दोन मुलांसह, शेरा आहे: 'स्वेच्छेने पतीगृही परत'. दुसऱ्या तालुक्यात गेले तर मुलांची शाळा सुटेल, असे त्या बाईने सांगितल्याचे मागील पानावर नमूद आहे. नोंदवहीत पर्याय तेवढेच छापलेले होते, म्हणून अधीक्षिकेने 'स्वेच्छेने' लिहिले. त्या शेऱ्यापुढे काही लिहिलेले नाही. ती परत आली नाही. सातव्या महिन्यात अनुदान पूर्ण आले, दूध पुन्हा सुरू झाले, लेखापरीक्षकांनी हिशेबावर काही दोष काढला नाही.

मंडळी, किती पैशांची ही गोष्ट होती? दोन महिन्यांचा खर्च हाताशी असता तर ती बाई राहिली असती.

आपल्या भाषेच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार फार पूर्वी एका स्त्रीने केला आहे. तिचे नाव या सभामंडपात घेताना काहींच्या कपाळाला आठी पडेल, याची मला जाणीव आहे. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आपले मत काहीही असो. आज आपण केवळ त्यांची खजिनदारी पाहू. 1887 साली बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या कार्याला दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले, आणि मार्च 1889 मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. 1893 साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली परत नेल्या. स्थानिक पाठबळ असे एकाएकी ओसरले. तरी सदन टिकले, कारण कबूल झालेली दहा वर्षे अजून संपली नव्हती.

खरी दूरदृष्टी पुढेच आहे. दहा वर्षांची मुदत संपणार हे रमाबाई विसरल्या नाहीत. मुदत चालू असतानाच त्यांनी पुण्याजवळ केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली; उद्देश हा की, साहाय्य थांबेल त्या सुमारास बाग उत्पन्न देऊ लागावी. मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी निराधार मुली आणि विधवा आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग, आणि नव्या मुलींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांचा प्रतिबंध. तेव्हा त्या मुलींना नेले ते केडगावच्या शेतावर, तंबूंत आणि छपरांखाली. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आसरा म्हणून उपयोगी पडली. शिलकीचा उपयोग आधी ठरविता येत नाही, ती असावी मात्र लागते, हे याहून स्पष्ट मला कोठे दिसलेले नाही.

आता आकडे. एखाद्या लहान आश्रयगृहाचा न टाळता येणारा खर्च, म्हणजे भाडे, वीज, अन्न, औषध, दूरध्वनी, रात्रपाळीसह सेवकवर्ग, न्यायालयात जाण्यायेण्याचे भाडे, महिन्याला दोन लाख आहे असे समजा. मेळावे, शिबिरे, छपाई यात धरू नये. तीन महिन्यांचे सहा लाख ही किमान मर्यादा. सहा महिन्यांचे बारा लाख हे उद्दिष्ट. वार्षिक खर्च 24 लाख, त्याचे पाच टक्के म्हणजे 1 लाख 20 हजार. दरवर्षी एवढी रक्कम 'शिल्लक राहिली तर' म्हणून न ठेवता, नैवेद्यासारखी आधी वाढावी, अंदाजपत्रकात खर्चाच्या बाजूला लिहावी. दहा वर्षांत बारा लाख होतात. महागाईने उद्दिष्ट पुढे सरकेल, व्याजाने काही भरपाई होईल. अनपेक्षित देणगी किंवा मृत्युपत्राने आलेली रक्कम असेल तर तिचा अर्धा भाग थेट येथे जावा. समितीतील उत्साही मंडळी म्हणतील, दहा वर्षे फार झाली. कित्येक महिने दूध अर्धे पुरविणे हेही फारच होते.

ठेवावे कोठे, यात शौर्य दाखवू नये. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात, बाकी मुदत ठेवींत, आणि त्या अशा की दर तीन महिन्यांनी एक पिकावी. एकाच बँकेत सारे नको. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारास पाच लाख आहे. आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रद्द झाला, हे गोव्यात कोणास विसरता येईल? समितीच्या सदस्याच्या धंद्याला चार महिन्यांपुरते उसने देणे तर मुळीच नको, तो सदस्य कितीही सज्जन असो. मोडण्याचा नियम शांततेच्या काळात लिहून ठेवावा: दोन तृतीयांश सदस्यांची संमती, कारणाची नोंद, आणि रक्कम किती महिन्यांत भरून काढणार त्याचा ठराव. अनुदान रखडले, मार्च 2020 सारखी टाळेबंदी आली, तर मोडावी. ते महिने आठवा: देणग्यांचे कार्यक्रम बंद, आणि राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती छळाच्या तक्रारी वाढलेल्या. छप्पर दर पाच वर्षांनी गळते हे माहीत असते. त्याच्या दुरुस्तीसाठी मात्र मोडू नये.

आपण विचाराल, यासाठी मोठ्या कंपन्यांकडे का जात नाही? जातो. त्यांचा सामाजिक निधी ठरावीक प्रकल्पासाठी असतो, आणि जानेवारी 2021 च्या नियमबदलापासून संस्थेच्या कायम निधीला दिलेली रक्कम त्यांच्या सामाजिक खर्चात धरली जात नाही. शासन खोली देईल, कंपनी शिवणयंत्रे देईल; रिकाम्या महिन्यांसाठीचा पैसा देणारा उरतो तो एकटा गृहस्थाश्रमी दाता. म्हणजे आपण.

आणि येथे थोडी तक्रार करू द्यावी. आपल्यातील दात्याला संगमरवरी पाटी आवडते. अग्रशाळेच्या खोलीवर आजोबांचे नाव असावे, ही भावना मी समजू शकते. माझ्याही आजोबांचे आहे. परंतु अग्रशाळा आपल्या पूर्वजांनी बांधली ती दूरच्या कुळाव्याला रात्री पाठ टेकता यावी म्हणून. गंगाजळीवर पाटी लावता येत नाही. तिच्यातून गेलेला पैसा तांदळात, रिक्षाच्या भाड्यात आणि रात्रपाळीच्या पगारात जिरून जातो.

एक शंका नेहमी येते: पैसा बँकेत पडून आहे, मग आणखी का मागता? आयकराचा कायदाही धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी 85 टक्के त्या वर्षी कार्यावर खर्चावे असे म्हणतो. पण उरलेले 15 टक्के ठेवण्यास त्याची विनाअट मुभा आहे. त्याहून अधिक साठवायचे तर उद्देश आधी कळवून पाच वर्षांपर्यंत साठविता येते. म्हणजे जी शिलकीला चोरी समजते ती आपली शंका आहे, कायदा नव्हे. उलट संस्थेने दरवर्षीच्या अहवालात गंगाजळीचा आकडा, ती किती महिन्यांची आहे आणि का, हे पहिल्याच पानावर छापावे. लपविलेली शिल्लक संशय आणते.

म्हणून विनंती एवढीच, आणि ती कारकुनी आहे. ज्यांना काही द्यावेसे वाटेल त्यांनी धनादेशासोबत दोन ओळींचे पत्र जोडावे. 'कायम निधीसाठी' असे लिहिलेत तर ती रक्कम आम्हाला मोडता येणार नाही. 'संस्थेच्या कार्यासाठी, समितीस योग्य वाटेल त्याप्रमाणे' असे लिहावे. मागील पाच वर्षांचे ताळेबंद मी बरोबर आणले आहेत; महाप्रसादानंतर चौकातील डाव्या बाजूच्या मेजावर ते पाहावयास मिळतील. निवासिनींची नोंदवही आणलेली नाही, ती कोणास दाखवीत नाही.