ड्रायर घेण्याआधी पाटी वाचा

आज वही-पेन्सिल जवळ घेऊन बसा. आपल्याला एक गुणाकार आणि एक भागाकार करायचा आहे. कॅलक्युलेटर नसला तरी चालेल.

विषय विजेचा आहे, पण मुद्दा पैशांचा आहे. आभाळ भरून आलं की अर्नाळ्यात जवळा, सोडे, बोंबील वाळवायचे कुठे हा प्रश्न दरवर्षी येतो. मग गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, कर्ज काढून विजेवरचा ड्रायर घेऊ. विचार चांगला आहे. पण दुकानदार किंमत सांगतो आणि आपण हप्ता मोजतो. वीज किती लागेल, आपल्या वायरला ते झेपेल का, हे विचारायचं राहून जातं. ते आपल्यालाच काढता येतं.

कुठल्याही यंत्राच्या मागे एक छोटी पाटी असते. तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट असे आकडे असतात. पाण्याच्या टाकीवरून समजून घेऊ. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून जितकं पाणी वाहतं, तो प्रवाह म्हणजे अँपिअर. आणि नळी अरुंद असली की पाणी अडतं, तसं वीज अडते तो रोध. तो ओहममध्ये मोजतात. जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली हा नियम पुस्तकात मांडला. आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच आहे.

आता लिहा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे ओहम.

समजा ड्रायरच्या पाटीवर २३० व्होल्ट, १० अँपिअर आहे. गुणाकार केला, २३०० वॅट. भागाकार केला, २३ ओहम. हजार वॅट एक तास चालले की एक युनिट. म्हणजे हा ड्रायर तासाला २.३ युनिट घेणार. सहा तास सलग तापला तर १३.८ युनिट. युनिटला १० रुपये धरले, तर १३८ रुपये. त्यातून सहा किलो सुका माल निघाला, तर किलोमागे २३ रुपये नुसती वीज. बाजारात भाव सांगताना हे २३ रुपये धरले नाहीत, तर ते आपल्याच पदरचे जातात. तुमचा खरा दर तुमच्या बिलावर बघा. व्यवसायासाठी कुठला दर लागेल ते महावितरणच्या कार्यालयात आधीच विचारा. बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही बघा. तिथे एक किलोवॅट असेल आणि आपण २.३ चा ड्रायर लावणार असू, तर भार आधी वाढवून घ्यावा लागेल.

आता संध्याकाळी दिवे मंद होतात, त्या वेळचं गणित. समजा दाब १८४ व्होल्टवर आला. हीटरच्या तारेचा रोध तोच, २३ ओहम. १८४ भागिले २३ म्हणजे ८ अँपिअर. १८४ गुणिले ८ म्हणजे १४७२ वॅट. दाब पाचव्या हिश्श्याने उतरला, पण उष्णता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटली! सहा तासांचं काम निदान नऊ-साडेनऊ तासांवर गेलं. ऑर्डर घेताना हे लक्षात ठेवा.

हे गणित हीटर, इस्त्री, गिझर यांचं. फ्रीज, पंप, दळायचं यंत्र यांत मोटर असते. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर हा आकडा खऱ्या वॅटपेक्षा जास्त येतो, म्हणून पाटीवरचे वॅटच धरा. दाब उतरला की मोटर उलट जास्त करंट खेचते आणि तापते. त्या वेळी ती बंद ठेवलेली बरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे खारी हवा. प्लगच्या पितळी पिना हिरव्या पडतात, स्क्रू गंजतात, जोड सैल होतात. अशा एका जोडाचा रोध समजा फक्त अर्धा ओहम झाला. त्यातून १० अँपिअर गेले, तर तिथे ५ व्होल्ट अडतात. ५ गुणिले १० म्हणजे ५० वॅट. डाग देण्याची सळई २५ वॅटची असते, आणि इथे तिच्या दुप्पट उष्णता एका पिनेशी! प्लास्टिक वितळतं, आग लागते. आणि फ्यूज उडत नाही, कारण करंट १० अँपिअरच्या वर गेलेलाच नसतो. त्यामुळे प्लग गरम लागला, काळा पडला किंवा जळका वास आला, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. १० अँपिअरचं यंत्र ६ अँपिअरच्या छोट्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. त्याला १६ अँपिअरचा जाड पिनांचा प्लग, जाड वायर आणि अर्थिंग हवं. उघड्या तारांवर मोजमाप आपण करायचं नाही, ते वायरमनचं काम.

आपल्याला पडताळणी मीटरवरून करता येते. घरातलं बाकी सगळं बंद करा, ड्रायर एक तास सलग चालवा, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहा. २.३ च्या आसपास फरक आला तर पाटी खरी. दीडच्या आसपास आला तर दाब कमी आहे, किंवा हीटर मधेमधे आपोआप बंद होतोय.

कर्जाचा ठराव लिहिण्याआधी वहीत तीन ओळी भरा. पाटीवरचे आकडे काय, किलोमागे वीज किती, आणि वायरमनने वायर, प्लग, अर्थिंग बघितलं का. तिसरी ओळ रिकामी असेल, तर त्या बैठकीत सही करू नका. ड्रायर पुढच्या महिन्यात आला तरी चालेल.