कायदा मतपेटीतून, मसुदा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील निवडणूक म्हटली की वृत्तपत्रांचे सारे लक्ष उमेदवारांकडे लागते. त्याच मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांखेरीज आणखी काही प्रश्न छापलेले असतात, ह्याची दखल क्वचितच घेतली जाते. किमान वेतन किती असावे, मालमत्तेवर कर किती बसवावा, घरभाड्यावर नियंत्रण असावे की नसावे, अशा प्रश्नांपुढे 'होय' किंवा 'नाही' अशी खूण करून तेथील नागरिक कायदा संमत करतात किंवा फेटाळतात. ठराविक सह्या गोळा करून असा प्रस्ताव थेट जनतेपुढे नेण्याचा अधिकार, म्हणजेच जनउपक्रमाचा अधिकार, सुमारे निम्म्या घटकराज्यांत आहे. दर सम वर्षी नोव्हेंबर जवळ आला की ह्या प्रस्तावांवर रान उठते. समाजवादी कार्यकर्त्याने ह्या पद्धतीकडे कुतूहलाने पाहावे, पण भाबडेपणाने पाहू नये.

ही पद्धत मुळात डाव्या व सुधारणावादी चळवळींनी मागून घेतली, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. स्वित्झर्लंडचे उदाहरण पुढे ठेवून शेतकऱ्यांच्या पॉप्युलिस्ट पक्षाने १८९२ साली तिचा पुरस्कार केला. समाजवादी पक्षाच्या जाहीरनाम्यांतही ती मागणी होती. साउथ डकोटाने १८९८ मध्ये, ऑरेगनने १९०२ मध्ये ती स्वीकारली. कॅलिफोर्नियात त्या काळी सदर्न पॅसिफिक ह्या रेल्वे कंपनीचा विधिमंडळावर एवढा पगडा होता की, लोकप्रतिनिधी लोकांचे की रेल्वेचे, असा प्रश्न पडावा. हायरम जॉन्सन हे तिच्याविरुद्ध लढून १९१० साली गव्हर्नरपदी निवडून आले आणि १० ऑक्टोबर १९११ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जनउपक्रम, सार्वमत आणि प्रतिनिधीला परत बोलावण्याचा अधिकार हे तिन्ही मंजूर केले. स्त्रियांना मताधिकार मिळाला तोही त्याच मतदानात. थैलीशहांनी विकत घेतलेल्या विधिमंडळाला वळसा घालून जनतेला कायद्यापर्यंत पोचता यावे, हा त्यामागील हेतू होता.

परंतु थैलीलाही वळसे घेता येतात. कॅलिफोर्नियात साध्या कायद्यासाठी, गेल्या गव्हर्नर-निवडणुकीत झालेल्या मतदानाच्या ५ टक्के आणि घटनादुरुस्तीसाठी ८ टक्के सह्या लागतात. २०२२ च्या मतदानावरून हा आकडा अनुक्रमे ५ लाख ४६ हजार ६५१ आणि ८ लाख ७४ हजार ६४१ असा येतो. मुदत १८० दिवसांची. ज्या संघटनेपाशी गावोगाव कार्यकर्ते आहेत ती हे काम निष्ठेने करू शकते. ज्या कंपनीपाशी पैसा आहे ती माणसे भाड्याने लावते. सह्या गोळा करणाऱ्यांना पैसे देण्यावर घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये घटनाबाह्य ठरवली. अशा मतदानाच्या प्रचारात पैसा ओतण्याचा कंपन्यांचा हक्क तर त्याच न्यायालयाने १९७८ मध्येच मान्य केला होता.

१९७८ हेच वर्ष कॅलिफोर्नियाच्या तेराव्या प्रस्तावाचे. घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि त्यांबरोबर घरपट्टीही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना आपले घर टिकेल की नाही, अशी धास्ती होती. ही व्यथा खरी होती. विधिमंडळाने तिच्याकडे वेळीच लक्ष दिले नाही. हॉवर्ड जार्व्हिस ह्यांनी ती हेरली. जूनमध्ये सुमारे ६५ टक्के मतदारांनी कौल दिला आणि मालमत्ता कर किमतीच्या १ टक्क्यावर गोठला. मालक बदलेपर्यंत त्या किमतीतील वार्षिक वाढही २ टक्क्यांपलीकडे जाईना. मात्र म्हाताऱ्या विधवेच्या घराला मिळालेले संरक्षण त्याच कलमाने कारखान्यांना व बाजारसंकुलांनाही मिळाले, आणि राज्याचा नवा कर बसवण्यास विधिमंडळात दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक झाले. शाळा व ग्रंथालये ह्यांचा स्थानिक आधार खचला. व्यापारी मालमत्तेला ह्या सवलतीतून वगळण्याचा प्रयत्न २०२० मध्ये झाला. तो ४८ विरुद्ध ५२ टक्क्यांनी हरला. जनतेच्या व्यथेला पुरोगामी पक्ष वाचा देत नाहीत तेव्हा प्रतिगामी ती उसनी घेतात आणि आपले बिल तिच्या नावावर मांडतात.

त्याच २०२० सालच्या बाविसाव्या प्रस्तावाने तर मुखवटाही ठेवला नाही. मोबाइलवरून चालणाऱ्या टॅक्सी व घरपोच सेवांतील चालकांना कामगाराचा दर्जा मिळण्याची वाट २०१९ च्या कायद्याने खुली झाली होती. उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च करून सुमारे ५८ टक्के मते मिळवली आणि त्या कायद्यातून सुटका करून घेतली. विधिमंडळाला ह्यात बदल करायचा तर सात-अष्टमांश बहुमत हवे, अशी तरतूदही मसुद्यातच होती. २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रस्ताव वैध ठरवला. एका रेल्वे कंपनीला वेसण घालण्यासाठी घडवलेले हत्यार शंभर वर्षांनी नव्या वाहतूक कंपन्यांच्या हाती गेले.

म्हणून हत्यार टाकून द्यावे काय? मिझुरीच्या कामगारांनी ह्याचे उत्तर दिले आहे. संघटनेने केलेल्या कराराचे लाभ घ्या, पण तिला वर्गणी देऊ नका, अशी मुभा देणारा संघटनाद्वेष्टा कायदा तेथील विधिमंडळाने २०१७ मध्ये केला. कामगार संघटनांनी ३ लाखांहून अधिक सह्या जमवून तो रोखला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दोनास एक ह्या प्रमाणात मतदारांनी तो फेटाळला. फ्लोरिडाने २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प ह्यांना बहुमत दिले, आणि त्याच दिवशी किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरवर नेणाऱ्या घटनादुरुस्तीलाही ६० टक्क्यांहून अधिक मते दिली. श्रमिकाचा पक्ष आणि श्रमिकाचा प्रश्न ह्यांत किती अंतर पडले आहे, ते एका मतपत्रिकेने दाखवले.

विजयानंतरची कथाही विसरता येत नाही. मिझुरीच्या मतदारांनी २०२४ मध्ये सुमारे ५७ टक्के मतांनी वेतनवाढ आणि आजारपणाची भरपगारी रजा मंजूर केली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने ती रजा रद्द केली. कौल दिवसभरात मिळतो; त्याची राखण वर्षभर करावी लागते.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हा धडा परका नाही. दारूचे दुकान बंद करण्यासाठी सह्या जमवून मतदान मागणाऱ्या आणि 'आडव्या बाटली'वर शिक्का मारणाऱ्या गावोगावच्या स्त्रियांनी तो स्वतः गिरवला आहे. तेथे झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीतील निम्म्याहून अधिक मते लागतात. घरोघर जाऊन, शेतावरच्या बाईला केंद्रापर्यंत आणल्याखेरीज बाटली आडवी होत नाही. आणि ती पुन्हा उभी राहू नये म्हणून मतदानानंतरही जागे राहावे लागते.

थेट लोकशाही ही संघटनेला पर्याय नाही. ती संघटनेची परीक्षा आहे. मतपत्रिकेवर प्रश्न छापून येण्याआधी तो कोणाच्या ओट्यावर, कोणाच्या गिरणीच्या दारात, कोणाशी बोलून तयार झाला, ह्यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. मसुद्याची लेखणी श्रमिकांच्या हाती राहिली, तरच मतपेटीतून निघणारा कायदा त्यांचा असेल.