पस्तीस आले कुठून?

गुरुवारची संध्याकाळ होती. साल्मियात आमच्या घरी साताऱ्याहून आजीचा फोन. नातीला विचारलं, "बावन्नातून सत्तावीस गेले, किती उरले?" उत्तर आलं, पस्तीस. आजीचा निकाल तयार: "हिचं गणित कच्चं आहे."

मीही तेच म्हणणार होतो. एमबीए झाल्यापासून माणसाला एका टक्केवारीत बसवायची खोड लागली आहे. पण कंपन्यांना ट्रेनिंगची सॉफ्टवेअर बसवून देणं हे माझं काम, म्हणून जरा थांबलो आणि कागदावर आणखी वजाबाक्या घातल्या. ६३ वजा २१, बरोबर. ८१ वजा ४६, उत्तर ४५. तेव्हा उलगडलं. वरचा एकक लहान असला की बाईसाहेब हातचा न घेता मोठ्यातून लहान वजा करतात. दर वेळी, अगदी नेमाने!

१९७८ साली ब्राउन आणि बर्टन या संशोधकांनी वजाबाकीतल्या नेमक्या अशा चुका ओळखणारा 'बग्गी' नावाचा प्रोग्राम मांडला. मूल बरेचदा चुकीचाच नियम इमानाने पाळत असतं. पुढे १९९५ मध्ये कॉर्बेट आणि अँडरसन यांनी एकेका कौशल्याचा वेगळा हिशेब ठेवायची रीत दिली: ते आधीच येत असेल का, एका सरावात किती शिकेल, येत असून हात चुकेल का, येत नसताना अंदाज लागेल का. प्रत्येक उत्तरानंतर हिशेब सुधारायचा, आणि ९५ टक्के खात्री झाली की पुढे जायचं.

मग आठवडाभर आम्ही दहा दिनारची नोट मोडून एकेकाच्या नोटा करत बसलो.

पुढच्या गुरुवारी आजी म्हणाली, "एकोणचाळीसातून सोळा?" पोरगी म्हणाली, पंचवीस. आजीने सुस्कारा सोडला, मी मात्र खूश! तिने एकोणचाळीसाला ४१ समजलं होतं, आणि ४१ वजा १६ पंचवीसच. हातचा जमल्याशिवाय ते येत नाही. आता अडलं होतं ते आकड्याच्या नावापाशी. महाराष्ट्रातल्या मुलांनाही ही नावं जड जातात. म्हणून तर २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असाही पर्याय दिला आणि केवढा वाद झाला.

तुमच्याकडेही फोनवर गणितं होत असतील, तर तोच प्रश्न एकदा आकड्यांत लिहून द्या. चूक कानाची की हाताची, ते कळेल.

आमच्या आजीला हे अजून पटलेलं नाही. तिच्या लेखी पंचवीस चूक म्हणजे चूक.